विजू राऊळचा काला

विजू राऊळ कोणाचेही फोटो बघत नसे. लग्नाचा अल्बम पुढे केला, की तो आदराने मांडीवर घ्यायचा, पान न उलटता वर हात ठेवायचा आणि म्हणायचा, "तुम्ही सांगा, मी ऐकतो." एका आजोबांनी नातवाचा फोटो दाखवायला मोबाइल पुढे केला, तर त्याने विचारलं होतं, "नातू घरात आहे ना? मग त्यालाच बोलवा की." माणसांना युरोप दाखवून आणण्यावर ज्याचं पोट, त्याला फोटोचं असं वावडं असावं, हे आम्हाला मोठ्या मनाचं लक्षण वाटायचं. माणसाची परीक्षा करण्यात आम्ही किती कच्चे होतो, ते आता कळतं.

मुलुंड पूर्वेच्या आमच्या सोसायटीत तो दुसऱ्या मजल्यावर राहायचा. गाव मालवणच्या बाजूचं, वडील गिरणीत, लहानपण भांडुपच्या टेकडीवरच्या चाळीत. अंधेरीच्या एका टूर कंपनीत तो टूर मॅनेजर होता. लग्न केलं नव्हतं. कारण विचारलं तर "माझ्या पासपोर्टला चालत नाही" असं सांगायचा. आम्ही काही जण त्याच्यापेक्षा वयाने मोठे, म्हणून आमच्यात तो विजू. कंपनीच्या पाहुण्यांत विजयसर. टूरला पैसे भरून येणाऱ्या गिऱ्हाइकाला कंपनी पाहुणा म्हणते. असा पाहुणा आपल्या घरी कोणी आला तर बरं होईल.

अशा टूरच्या शेवटच्या दिवशी निरोपसमारंभ असतो. कोणीतरी बसमध्ये बसून कविता केलेली असते. कोणीतरी शाल मुंबईहूनच आणलेली असते, म्हणजे टूर कशी होईल हे कळण्याआधीच सत्कार ठरलेला असतो. एका निवृत्त इंजिनियरने भाषणात विजूला "आमचे कोलंबस" म्हटलं. विजू गंभीर चेहऱ्याने शाल घेऊन बसला. आम्हाला सांगताना म्हणाला, "कोलंबस भलतीकडेच पोचला होता. मला तसं करून कसं चालेल? परतीचं विमान चुकेल."

त्याला उलटं चालायची सवय होती. पाहुण्यांकडे तोंड करून, बोलत बोलत मागे मागे जायचं, हा त्याच्या धंद्याचा भाग. पण ती सवय इथेही उतरली होती. स्टेशनच्या रस्त्याला आमच्यापुढे तो उलटा चालायचा, आणि कोथिंबीरवाल्या बायका त्याला पाठमोरं येताना पाहून आपापल्या टोपल्या मागे ओढायच्या. कधी कोणाला धक्का लागला नाही. "आयफेल टॉवर मी फार कमी पाहिलाय," तो म्हणायचा. "माणसांच्या तोंडावर मात्र खूपदा पाहिलाय. तिथे बरा दिसतो."

आणि त्याचं एक वाक्य होतं. बघायचं आणि विसरायचं. "नाना," तो मला म्हणायचा, "माणूस फोटो काढतो आणि बघायचं थांबवतो. त्याला वाटतं, घरी जाऊन बघू. घरी गेल्यावर कोण बघतो? बघायचं आणि विसरायचं. जे विसरता येत नाही, तेवढंच आपलं." मी आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलं. इतकी नेटकी वाक्यं ऐकली की मला सहसा संशय येतो. विजूच्या बाबतीत आला नाही.

एका वर्षी टूर संपल्यावर त्याला स्पेनमध्ये काही दिवस मोकळे मिळाले. मिळेल त्या बसने तो समुद्राच्या कडेकडेने गेला, आणि एका अगदी लहान गावात बस थांबली ती पुढे गेलीच नाही, कारण पुढे रस्ता नव्हता. त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही, पण शब्द दिला होता. ज्याला दिला त्याने स्वतःचा मोडला, म्हणून आपलाही सुटला असं मला वाटत नाही. गावापासून एक पायवाट पाईनच्या झाडांतून खडकांवर चढते आणि उतरते. प्रत्येक उतारावर खडकांच्या बेचक्यात समुद्राचा एक तुकडा शिरलेला, आणि त्याच्या टोकाला आपल्या सोसायटीच्या अंगणाएवढी पुळण. माणूस नाही, टपरी नाही, घोडागाडी नाही. तिकडच्या भाषेत अशा जागेला काला म्हणतात.

विजू दर वर्षी तिथे जाऊ लागला, आणि कट्ट्यावर "यंदा काल्याला गेलो होतो" असं सांगू लागला. हे आमच्या चेअरमनच्या, म्हणजे देवधरांच्या कानावर गेलं. देवधरांना सूचनाफलकाचा नाद आहे. दुसऱ्या दिवशी फलकावर सुवाच्य अक्षरात मजकूर होता: आपल्या सोसायटीचे सभासद श्री. विजय राऊळ यांनी स्पेन देशात गोपाळकाल्यास उपस्थित राहून आपल्या संस्कृतीचा झेंडा सातासमुद्रापार फडकवल्याबद्दल त्यांचे हार्दिक अभिनंदन. तळमजल्यावरच्या एका आजींनी तर तिकडे हंडी किती थरांची असते, असंही विचारलं.

विजूने फलक पुसू दिला नाही. कट्ट्यावर आम्हाला म्हणाला, "आपल्या काल्यात काय असतं? सगळ्यांची शिदोरी एकत्र कालवायची आणि सगळ्यांना वाटायची. हा काला वेगळा. हा वाटायचा नसतो. वाटला की संपला."

त्या वेळी कट्ट्याच्या टोकाला वाघमारे सिस्टर बसल्या होत्या. महापालिकेच्या इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या, माहेर परभणीकडचं, यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी नागपूरला. सोसायटीच्या दहीहंडीला सिस्टर मलम आणि पट्ट्या घेऊन खुर्चीवर बसायच्या, वरून पडणाऱ्या पोरांचे गुडघे साफ करायच्या आणि साफ करताना त्यांच्या आईबापांना चार शब्द सुनवायच्या. पण प्रसादाचा काला त्या घेत नसत. त्यांच्या घरी बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर. त्यांनी कधी सबब सांगितली नाही, सरळ "मी घेत नाही" म्हणायच्या, आणि नंतर त्यांना कोणी आग्रह केला नाही.

विजू त्यांच्याकडे वळून म्हणाला, "सिस्टर, हा काला तुम्हाला चालेल. यात देव नाही."

"देव नाही ते ठीक," सिस्टर म्हणाल्या. "माणसं किती?"

"अजिबात नाहीत."

"मग बघू."

असं बोलता बोलता ठरलं, आणि एका ऑक्टोबरात आम्ही खरंच गेलो. मी आणि माझी बायको, देवधर पतिपत्नी, वाघमारे सिस्टर आणि विजू. कंपनीचा संबंध नव्हता. झेंडा नाही, टोप्या नाहीत, निरोपसमारंभ नाही. शाल मात्र देवधरांनी आणली होती; ती थंडीसाठी आहे असं ते शेवटपर्यंत सांगत होते.

पहिल्या सकाळी पायवाटेच्या तोंडाशी विजूने खांद्यावरची पिशवी उघडून पुढे धरली. मांजरपाटाची जाड पिशवी, वडिलांच्या गिरणीचं कापड, आईच्या हातची शिवण. जगभर ती त्याच्याबरोबर असायची. "मोबाइल," तो म्हणाला. देवळाबाहेर चपला काढाव्यात तसे आम्ही आपापले मोबाइल तिच्यात टाकले. देवधरांनी जरा खळखळ केली. फलकावर लावायला एखादा तरी फोटो हवा, असं त्यांचं म्हणणं होतं. विजू म्हणाला, "देवधर, फलकावर लिहा. तुमचं अक्षर चांगलं आहे." मग त्याने शब्द मागितला. गावाचं नाव कोणाला सांगायचं नाही, पोरांनासुद्धा नाही. आम्ही सगळ्यांनी दिला. सिस्टरनी जरा विचार करून दिला, कारण त्यांना दिलेला शब्द पाळायची सवय होती आणि पाळायला किती त्रास पडतो याचा अंदाज होता.

ते दिवस फार चांगले गेले, हे मी कबूल करतो. नंतर जे झालं त्याने ते खराब व्हायला हवे होते, पण झाले नाहीत, आणि हीच खरी अडचण आहे. तो भूमध्य समुद्र जागचा हलत नाही. भरती नाही, ओहोटी नाही. विजूसारख्या मालवणी माणसाला सुरुवातीला हे चमत्कारिक वाटलं होतं. "पहिल्या वर्षी मी दिवसभर बसून राहिलो," तो म्हणाला, "पाणी कधी जातंय बघत. गेलंच नाही. म्हटलं, याचं काही काम अडलंय का?" पाणी इतकं नितळ, की आत उभं राहिलं तर आपली पावलं दुसऱ्या कोणाची तरी वाटतात. पुळणीवर वाळलेल्या समुद्रगवताचे तपकिरी ढीग पडलेले असत. देवधर त्याला कचरा म्हणाले, तेव्हा विजू चिडला. ते गवत लाटेचा मार खातं म्हणून मागची वाळू राहते, असं त्याला गावातल्या माणसांनी सांगितलं होतं. "उद्या कोणी शहाणा येईल आणि हे साफ करील," तो म्हणाला. "मग वाळूही जाईल."

सिस्टर पहिले दोन दिवस खडकावर बसून होत्या. सलवार-कमीज, पूर्ण बाह्या, पायात मोजे आणि बूट. मुलुंडच्या मे महिन्यातही त्या मोजे घालत. आम्ही ते इस्पितळातल्या शिस्तीच्या खाती जमा केलं होतं. तिसऱ्या दिवशी त्या एकदम म्हणाल्या, "मला पाण्यात जायचंय. सगळ्यांनी तिकडे तोंड करा."

मग विजूला वेगळं विचारलं, "राऊळ, फोटो नाही ना?"

"सिस्टर, इथे बघायचं आणि विसरायचं," विजू म्हणाला. "आणि आम्ही तर बघणारही नाही."

आम्ही डोंगराकडे तोंड करून बसलो. विजू आमच्या मागे, खडकाला टेकून, पिशवी घेऊन. त्यामुळे पुढचं मी फक्त ऐकलं. बुटांचे बंद सुटले. वाळूवर पावलं वाजली, थांबली, पुन्हा वाजली. मग एक मोठा श्वास, पाण्याचा आवाज, बराच वेळ काहीच नाही. आणि मग सिस्टर हसल्या. सगळ्या वॉर्डला दम देणाऱ्या त्या घशात असं हसू असेल असं वाटलं नव्हतं. माझ्या बायकोने माझा हात दाबला, वळून बघू नये म्हणून की काय कोण जाणे. सिस्टर बाहेर आल्या, तेव्हा मोजे चढवूनच आम्हाला "झालं" म्हणाल्या. संध्याकाळी मुलीचा फोन आला. आई, एक तरी फोटो पाठव, कुठे आहेस ते तरी सांग, असं ती म्हणत होती. "बघितलं आणि विसरले," सिस्टर म्हणाल्या, आणि विजूकडे बघून समाधानाने मान हलवली. मुलगी चार दिवस रुसली होती, हे नंतर कळलं.

पुढच्या वर्षी हिवाळ्यात विजूने आमच्या घरी येऊन निमंत्रणपत्रिका दिली. कंपनीचा समारंभ, मुलुंडच्या नाट्यगृहात. सगळ्यांनी यायचंच, सिस्टरना पुढच्या रांगेत जागा ठेवली आहे, असं म्हणाला. कसला समारंभ, ते बोलला नाही. उलटा चालत दारातून बाहेर पडला आणि जाताना त्याला चौकट लागली. ते मी पहिल्यांदाच पाहिलं.

समारंभ रीतसर होता. समई होती आणि ती पंख्यामुळे विझत होती. पर्यटन ही एक साधना आहे असं सांगणारे एक गृहस्थ होते, आणि त्या साधनेचे हप्ते पाडून मिळतील असं सांगणारे दुसरे होते. विजूला शाल आणि नारळ मिळाला. मग दिवे मंद झाले आणि पडद्यावर अक्षरं आली: काला कलेक्शन. खाली लिहिलं होतं, बघा, आणि कधीच विसरू नका.

अक्षरांमागून फोटो आला. तीच पुळण, तेच पाणी. पाण्यात पोटऱ्यांपर्यंत उभी असलेली एक बाई, पाठमोरी. सलवार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, बाह्या वर सारलेल्या, दोन्ही हात पसरलेले. पायांवर आणि हातांवर कोडाचे पांढरे चट्टे, उन्हात स्पष्ट. सिस्टरना कोड आहे हे सोसायटीत एकालाही माहीत नव्हतं. इथे लिहू का, म्हणून मी त्यांना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "लिहा. सगळ्या मुलुंडने बघितलंय, आता तुमच्या वाचकांचं काय मोठं."

टाळ्या पडल्या. फोटो चांगला होता, हे सांगायला मला आवडत नाही.

सिस्टर रेशमी साडीत, पायात मोजे घालून, पुढच्या रांगेत बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत. टाळ्या संपेपर्यंत बसल्या. मध्यंतरात बाहेर बटाटेवडा आणि कॉफी होती. तिथे विजू शालीसकट त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला.

सिस्टर म्हणाल्या, "राऊळ, पिशवीत तुमचा फोन नव्हता."

विजू म्हणाला, "सिस्टर, चेहरा दिसत नाही."

"मला माझे पाय ओळखता येतात."

एवढंच बोलणं झालं. सिस्टरनी कॉफीचा कप टेबलावर नीट ठेवला आणि रिक्षाने घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी विजू माझ्याकडे आला आणि त्याने आपला मोबाइल पुढे केला. त्यात काले होते, वर्षानुवर्षांचे, एकामागून एक. आम्हीही होतो, सगळे पाठमोरे: शंख उचलायला वाकलेली माझी बायको, देवधरांची शाल, डोंगराकडे तोंड करून बसलेली आमची रांग. दुसऱ्याच्या नातवाचा फोटो न बघणाऱ्या या माणसाने काहीही सोडलेलं नव्हतं.

"हे कंपनीसाठी काढले नव्हते," तो म्हणाला. "माझ्यासाठी होते. माका इसराक जमणा नाय, नाना. म्हणून तर तुम्हाला विसरा, विसरा सांगत फिरायचो."

चिडला किंवा हळवा झाला की तो मालवणीत शिरायचा. या वेळी दोन्हींपैकी काय होतं ते मला कळलं नाही.

कंपनीत नवे मालक आले होते. पाहुण्यांना आता वेगळं काही हवं, ते आणा, नाहीतर अंधेरीच्या ऑफिसात बसून व्हिसाचे अर्ज तपासा, असं त्यांनी याला सांगितलं होतं. "माझ्याकडे दुसरं होतं काय?" विजू म्हणाला. "तो एक काला होता."

मी म्हटलं, "जागा तुझी होती, विकलीस. सिस्टरना तरी विचारायचंस."

"विचारलं असतं तर त्या नाही म्हणाल्या असत्या."

इतका खरा विजू मी त्याआधी ऐकला नव्हता. तो सारवासारव करत नव्हता. खरोखर अडचण सांगत होता. मग म्हणाला, "मी तो फोटो बदलून घेतो. शब्द देतो." कोणाला काय द्यायचं, याचं त्याचं भान सुटलं होतं.

महिन्याभरात चेकनाक्याच्या अलीकडे मोठा फलक लागला. मी आणि सिस्टर भाजी घेऊन येत होतो. फोटो तोच होता, पण बदललेला. पुळणीवरचे गवताचे ढीग गेले होते. वाळू पिठासारखी पांढरी झाली होती. पाणी निळं होतं ते आणखी निळं केलं होतं. आणि बाईच्या पायांवर, हातांवर एकही चट्टा नव्हता. सगळीकडे एकच गुळगुळीत, गव्हाळ रंग.

सिस्टर पिशवी खाली ठेवून बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरे केले की माझे पाय. एवढी वर्षं स्किनच्या डॉक्टरांना जमलं नाही."

मी त्यांची पिशवी उचलली.

"राऊळना सांगा," त्या म्हणाल्या, "शब्द पाळला म्हणावं. बदलून घेतलं."

मी सांगितलं नाही. त्यानंतर सिस्टरनी मोजे घालणं सोडलं. साध्या पट्ट्यांच्या चपला घालून त्या बाजारात जाऊ लागल्या. कोणी पायांकडे पाहिलं तर त्याच्या चेहऱ्याकडे सरळ बघायच्या आणि तो चेहरा दुसरीकडे वळेपर्यंत बघतच राहायच्या. मुलीला त्यांनी गावाचं नाव तेव्हाही सांगितलं नाही. तिने ते कंपनीच्या माहितीपत्रकात वाचलं.

विजूने फ्लॅट भाड्याने दिला आणि बोरीवलीला राहायला गेला. सोसायटीच्या गोपाळकाल्याला देवधरांनी त्याला बोलावणं पाठवलं होतं. तो आला नाही.

गेल्या मे महिन्यात सिस्टरची मुलगी नागपूरहून विमानाने यायची होती. सिस्टर मला सोबत म्हणून घेऊन निघाल्या. साकीनाक्याला गाड्या अडकल्या, तेव्हा त्यांनी ड्रायव्हरला रस्ता शिकवला आणि ड्रायव्हरने निमूटपणे तो ऐकला. विमानतळावर पोचलो तर बाहेर पिवळ्या टोप्यांचा मोठा घोळका उभा होता. टोप्यांवर काला लिहिलेलं. घोळका आमच्याकडे पाठ करून दाराच्या दिशेने सरकत होता, आणि त्याच्यापुढे, त्याच्याकडे तोंड करून, हातात झेंडा घेऊन विजू उलटा चालत होता. केस पिकले होते. बाकी चाल तीच.

टोप्यांवरून त्याची नजर आमच्यावर पडली. आधी माझ्यावर, मग सिस्टरच्या चपलांवर. तो थांबला आणि त्याने हात वर केला.

पाहुण्यांना वाटलं, सरांची काही सूचना आहे. सगळ्यांनी हात वर केले. प्रत्येक हातात मोबाइल होता. एकानेही मागे वळून पाहिलं नाही.

मी सिस्टरकडे पाहिलं. त्यांनी हात केला नाही, मीही केला नाही. त्या विजूच्या खांद्याकडे बघत होत्या. तीच मांजरपाटाची पिशवी होती, रिकामी, अंगाला सपाट चिकटलेली. विजूने हात खाली घेतला, आणि आमच्याकडे तोंड ठेवून, मागे मागे चालत, काचेच्या दारातून आत गेला.